थरारकथा लिहिणाऱ्यांची संघटना: सभासद व्हावं का?

पेन्सिलटोक | शुक्रवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

मी मूळची साताऱ्याची, गेली अठरा वर्षं न्यू जर्सीत. मुलं झोपली की रात्री दहा ते बारा लिहायला बसायचं, असं करत चार वर्षांत एक थरारकादंबरी पुरी केली. भाषा इंग्रजी, पण कथानक आपल्याकडचं: धरणावर नोकरी करणारी एक अभियंता आणि नोंदवहीत कुणीतरी बदललेले पाण्याच्या पातळीचे आकडे. एका छोट्या अमेरिकन प्रकाशकानं ती स्वीकारली आहे. करार आलाय, अजून सही केलेली नाही.

इकडे 'इंटरनॅशनल थ्रिलर रायटर्स' नावाची संघटना आहे. २००४ साली सुरू झाली. गेल लिंड्स आणि डेव्हिड मॉरेल हे पहिले सहअध्यक्ष. (मॉरेल म्हणजे ज्यांच्या लेखणीतून रॅम्बो आला ते.) पहिलीच कादंबरी येत असलेल्या लेखकांसाठी त्यांचा खास उपक्रम असतो, आणि दर उन्हाळ्यात न्यूयॉर्कला 'थ्रिलरफेस्ट' भरतो.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशा संघटनेत जाऊन खरंच हाती काही लागतं का? आणि मराठीत एवढ्या रहस्यकथा लिहिल्या गेल्या, तरी त्या लिहिणाऱ्यांची अशी संघटना आपल्याकडे का उभी राहिली नाही?

घाटमाथा | रात्री ९.५८

आधी मनापासून अभिनंदन ताई! चार वर्षं रोज दोन तास म्हणजे खायचं काम नाही. फक्त दरवाजे कोण उघडतं ते इथे सांगू नका, मी विकत घेऊन वाचणार आहे.

जुना_वाचक | रात्री १०.२०

अभिनंदन. पण माझं मत वेगळं आहे. लिहिणं हे एकट्यानं करायचं काम. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली, झुंजार आणि काळापहाड हे त्यांचे नायक घराघरांत नेले. गुरुनाथ नाईकांचीही पुस्तकं हजाराच्या पुढे गेली. यांच्यामागे कुठली संघटना होती? वाचक हीच त्यांची संघटना. चार लेखक एकत्र आले की लेखन मागे पडतं आणि ठराव, पदाधिकारी, सत्कार पुढे येतात. तेवढ्या वेळात दुसरी कादंबरी लिहायला घ्या.

सांजवात | रात्री १०.३१

जुना_वाचक यांना +१. ठराव नकोतच.

लोकलप्रवासी | रात्री ११.१५

काका, आदर ठेवून असहमत. का ते जरा सविस्तर सांगतो.

डोंबिवलीत आमचं वाचनालय होतं, १९७४ ते १९९६. वडील संध्याकाळी कारखान्यातून आले की साडेसहाला फळी उघडायचे. आत दोन घोडे (पुस्तकांच्या मांडण्या) भरून रहस्यकथा. अर्नाळकर, नाईक, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद, नारायण धारपांचे समर्थ. नवं पुस्तक आलं की आधी ते उसवायचं, जाड दोऱ्यानं पुन्हा शिवायचं, पुठ्ठा घालायचा, मग शिक्का. हे माझं काम, शाळेत असल्यापासूनचं. असं शिवलेलं पुस्तक दोनशे-अडीचशे घरं फिरून यायचं. काही महाभाग पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवायचे, म्हणून वडिलांनी गल्ल्याशेजारी खोडरबर ठेवला होता.

आता हिशेब बघा. अडीचशे वाचकांमागे लेखकाचं पुस्तक खपलं एक. त्या एका प्रतीवर त्याला काय मिळालं असेल? यातल्या बऱ्याच पुस्तकांचे व्यवहार एकरकमी व्हायचे असं वडील सांगत. म्हणजे पुस्तक दिलं, पैसे घेतले, संबंध संपला. आमचं घर त्या पुस्तकांवर चाललं, माझी फी त्यातून भरली गेली. वाचकांनी जीव लावला हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्या जिव्हाळ्यानं कुणाचं घरभाडं भरलं नाही. हे आजही मला टोचतं.

लेस्टरची_माई | शनिवार, पहाटे ४.५०

लोकलप्रवासी, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलले. दोनशे घरं फिरणाऱ्या त्या पुस्तकाचा हिशेब इंग्लंडात कायद्यानं ठेवला जातो, म्हणून लिहिते.

इथे १९७९ साली कायदा झाला, त्याला 'पब्लिक लेंडिंग राइट' म्हणतात. सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक जितक्या वेळा बाहेर जाईल, तितक्या वेळा लेखकाच्या नावावर काही पेन्स जमा होतात. पैसे सरकार देतं, ग्रंथालय नाही, वाचक तर नाहीच. १९८४ पासून वाटप सुरू झालं. एका लेखकाला वर्षाला जास्तीत जास्त ६,६०० पौंड ही मर्यादा आहे, म्हणजे सगळा निधी दोन-चार लोकप्रिय नावांकडे जात नाही. मी पंधरा वर्षं इथल्या ग्रंथालयात काम केलं. सगळ्यात जास्त बाहेर जायच्या त्या गुन्हेकथा आणि थरारकथा. निवृत्त लोक एका वेळी सहा-सहा घेऊन जायचे.

हा कायदा आपोआप आला नाही. ब्रिजिड ब्रोफी आणि मॉरीन डफी या लेखिकांनी गट बांधून वर्षानुवर्षं तो लावून धरला. एकट्यादुकट्याला हे जमलं असतं का?

जुना_वाचक | सकाळी ७.०५

माई, ही माहिती मला नवीन आहे. कायद्यासाठी एकत्र यावं लागतं हे मान्य. पण पेन्सिलटोक यांनी विचारलंय ते महोत्सव भरवणाऱ्या संघटनेबद्दल. हॉटेलात जमायचं, एकमेकांचं कौतुक करायचं, त्यानं काय होतं?

रातराणी | सकाळी ८.४०

मी गेलेय त्या हॉटेलात, म्हणून उत्तर देते.

थ्रिलरफेस्टचं पहिलं वर्ष २००६, ॲरिझोनात फिनिक्सला. पुढच्या वर्षीपासून तो न्यूयॉर्कला आला. मी गेले तेव्हा ग्रँड सेंट्रल स्टेशनाला लागूनच्या हॉटेलात होता. चार दिवस. खर्च मोठा आहे हे आधीच सांगते, नावनोंदणी आणि राहणं मिळून माझे सहा महिन्यांचे साठवलेले पैसे गेले.

सुरुवातीला 'क्राफ्टफेस्ट', म्हणजे मुरलेले लेखक शिकवतात. प्रकरण कुठे तोडायचं, खलनायकाला त्याच्या बाजूनं पटणारं कारण कसं द्यायचं, संशोधन केलेलं सगळंच कादंबरीत का ओतायचं नाही. मग 'पिचफेस्ट'. एका मोठ्या दालनात एजंट, म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकाकडे नेणारे मध्यस्थ, टेबलं मांडून बसलेले, आपण रांगेत. आपला नंबर आला की तीन-चार मिनिटांत गोष्ट सांगायची. घंटा झाली की पुढचं टेबल. पहिल्या टेबलाशी माझी जीभ टाळ्याला चिकटली. सातव्यापर्यंत गोष्ट दोन वाक्यांत सांगता यायला लागली होती, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या कादंबरीची पहिली साठ पानं नकोच आहेत. घरी येऊन ती काढून टाकली. एजंट मिळाला नाही, पण कादंबरी सुधारली.

आणखी एक. जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे एक नावाजलेले लेखक उभे होते. त्यांनी विचारलं, "काय लिहितेस?" मी सांगितलं. त्यांनी दहा मिनिटं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला: "तिच्याकडे किती वेळ आहे?" माझ्या नायिकेला कसलीच मुदत नव्हती. काका, हे कौतुक नव्हे, ही शिकवणी आहे. आणि ती देणाऱ्याला त्यातून काही मिळणार नव्हतं.

टिचकी | सकाळी ९.१०

"तिच्याकडे किती वेळ आहे" हे वाचून एकदम उलगडा झाला. रहस्यकथा आणि थरारकथा यांतला फरकच तो.

डेक्कन क्वीनच्या डब्यात एक माणूस मेलेला सापडला, कर्जत ते लोणावळा कोण उठून गेलं होतं याचा शोध सुरू झाला, ही रहस्यकथा. डेक्कन क्वीन पुण्याहून सुटली आहे, फळीवरच्या एका बॅगेत काय आहे हे वाचकाला ठाऊक आहे, दादरच्या आत ती सापडायला हवी, ही थरारकथा.

घाटमाथा | सकाळी ९.२२

आणि बॅगेवर पाय ठेवून कुणीतरी कटलेट खातंय!

कर्जतकर | सकाळी ९.४५

कर्जतचं नाव निघालंय म्हणून आलो. फरक बरोबर आहे, पण अर्नाळकरांचा झुंजार कुठे बसवणार? तिथे कोडं कमी आणि धावपळ जास्त. आपण मराठीत सगळ्यालाच 'रहस्यकथा' म्हणत आलो. धारपांच्या भयकथाही वाचनालयात त्याच घोड्यात असायच्या. स्वतंत्र नावच नव्हतं, मग स्वतंत्र संघटना कुठून येणार?

रातराणी | सकाळी १०.३०

कर्जतकर, अमेरिकेतही तसंच होतं. 'मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका' १९४५ पासूनची, लेखक एडगर ॲलन पो यांच्या नावानं 'एडगर' पुरस्कार देणारी. तिचं ब्रीद मला फार आवडतं: गुन्ह्यात पैसा नाही, निदान पुरेसा नाही. इंग्लंडात 'क्राइम रायटर्स असोसिएशन' जॉन क्रीझी यांनी १९५३ मध्ये काढली. या क्रीझींची पुस्तकं सहाशेच्या वर, टोपणनावं अठ्ठावीस! हे आपल्या अर्नाळकरांचे भाऊबंदच. जुना_वाचक काका, एवढं भराभर लिहिणाऱ्या माणसालाही संघटना काढायला वेळ मिळाला होता बघा.

कोरा_कागद | दुपारी १२.०५

सगळं छान चाललंय, पण दुसरी बाजू कुणी मांडत नाहीये. संघटना मोडतातही. अमेरिकेतली प्रेमकथा लिहिणाऱ्यांची 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' घ्या. १९८० ची स्थापना, एके काळी दहा हजारांवर सभासद. २०१९ च्या अखेरीस, दुसऱ्या लेखिकेच्या पुस्तकातल्या वर्णद्वेषावर बोट ठेवणाऱ्या सभासद लेखिकेवरच त्यांनी कारवाई केली. त्यावरून भडका उडाला, कार्यकारिणीतले लोक राजीनामे देऊन गेले, पुरस्कार रद्द झाले. सभासद दोन हजारांच्या आसपास उरले आणि मे २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. चाळीस वर्षांचं काम गेलं. म्हणून मी म्हणेन, संघटनेचं नाव बघून जाऊ नका. तक्रार करणाऱ्याला ती कसं वागवते ते बघा.

लेस्टरची_माई | दुपारी २.३०

कोरा_कागद, हे सांगितलंत ते बरं झालं. याच्या उलट उदाहरण 'सिस्टर्स इन क्राइम'चं. सारा पॅरेट्स्की आणि इतर लेखिकांनी १९८६-८७ मध्ये ती उभी केली. बायकांनी लिहिलेल्या गुन्हेकथांची वर्तमानपत्रांत परीक्षणं किती येतात, हे त्यांनी चक्क मोजायला घेतलं. आकडे पुढे ठेवल्यावर संपादकांना "असं काही नाही" म्हणणं अवघड झालं.

पेन्सिलटोकच्या संघटनेतल्या गेल लिंड्स यांचाही असाच अनुभव आहे. त्यांची पहिली हेरकादंबरी एका प्रकाशनसंस्थेच्या प्रमुखानं नाकारली, कारण हे बाईनं लिहिलेलं असूच शकत नाही असं मत पडलं. तीच बाई पुढे या संघटनेची पहिली सहअध्यक्ष झाली. मला याचा फार अभिमान वाटतो.

पेन्सिलटोक | संध्याकाळी ५.१५

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. रातराणी, "तिच्याकडे किती वेळ आहे" हे मी कागदावर लिहून भिंतीला लावलंय.

एक गोष्ट मी पहिल्या लेखात सांगायची राहिले, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. या संघटनेनं कित्येक वर्षं प्रकाशित लेखकांकडून वर्गणीच घेतली नाही. मग पैसा कुठून? नामवंत लेखकांनी कथा फुकट लिहून दिल्या. २००६ मध्ये जेम्स पॅटरसन यांनी संपादित केलेला संग्रह आला, त्याचं उत्पन्न संघटनेला. २००७ मध्ये पंधरा लेखकांनी मिळून एक श्राव्य मालिका-कादंबरी केली, सुरुवात आणि शेवट जेफरी डीव्हर यांचा. अमेरिकेत श्राव्य पुस्तकांचे जे ऑडी पुरस्कार असतात, त्यांत २००८ चं सर्वोत्तम श्राव्य पुस्तक म्हणून तीच निवडली गेली. २०१४ च्या संग्रहात २३ लेखकांनी जोड्या जमवून ११ कथा लिहिल्या, एकाचा नायक दुसऱ्याच्या नायकाला भेटतो अशा. म्हणजे ज्यांचं नाव विकलं जातं त्यांनी ते नव्यांसाठी वापरू दिलं.

विचार करा, झुंजार आणि दारा बुलंद एकाच कथेत, आणि त्या पुस्तकाचे पैसे नव्या लेखकांसाठी!

टिचकी | संध्याकाळी ५.२०

झुंजार + दारा बुलंद! ताई, हे कुणीतरी करायलाच हवं होतं. घरातल्या तीन पिढ्या एका पुस्तकासाठी भांडल्या असत्या.

कलम_१९ | रात्री ८.००

इतका वेळ नुसतं वाचत होतो. मी व्यवसायानं वकील, लेखक-प्रकाशकांचे करार बघतो. पेन्सिलटोकताई, तुमचा पहिला लेख वाचल्यापासून "करार आलाय" एवढ्या एका वाक्यावर माझं लक्ष अडकलंय. सभासदत्वाचं नंतर बघा, आधी करार. त्यात चार गोष्टी शोधा: हक्क किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी, श्राव्य आणि चित्रपटाचे हक्क कुणाकडे, आणि पुस्तक बाजारात मिळेनासं झालं तर हक्क परत येतात का. पुढची कादंबरी आधी त्यांनाच दाखवायची असं कलम असेल तर तेही.

तुमचा करार अमेरिकन कायद्याखालचा असेल. तिथे दिलेले हक्क पस्तीस वर्षांनी रीतसर नोटीस देऊन परत घेता येतात, पण तोवर फार उशीर झालेला असतो. करार वाचून देणं हे थ्रिलर संघटनेचं मुख्य काम नव्हे. त्यासाठी 'ऑथर्स गिल्ड' आहे, १९१२ पासूनची, त्यांचे वकील सभासदांचे करार तपासून देतात.

आपल्याकडच्या लेखकांसाठी, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९: हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सही केलेलं असेल तरच वैध. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. करारात वेगळं म्हटलेलं नसेल आणि प्रकाशकानं घेतलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही, तर तो लेखकाकडे परत येतो. माझ्याकडे येणाऱ्या लेखकांपैकी बहुतेकांना यातलं काहीच ठाऊक नसतं.

सांजवात | रात्री ८.४५

वाचनखूण साठवली. काल मी +१ दिला होता, तो आज मागे घेते.

मूळ दुसऱ्या प्रश्नाकडे येते. आपल्याकडे एका प्रकाराच्या बाबतीत हे घडलं आहे: विज्ञानकथा. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली आणि तिनं विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी तिथे टोपणनावानं कथा पाठवली. नारायण विनायक जगताप, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. तेच नारळीकर पुढे नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एक संस्था, एक स्पर्धा, आणि एका साहित्यप्रकाराला मान मिळत गेला. रहस्यकथेला वाचक शंभरपट होते, पण असा ओटा मिळाला नाही.

कर्जतकर | रात्री ९.१०

अगदीच मिळाला नाही असं नको म्हणायला. 'नवल' आणि 'धनंजय' हे दिवाळी अंक होतेच की! गूढ, रहस्य, विज्ञान या कथांना तिथे हक्काची जागा. मी तर फराळाआधी 'धनंजय' उघडायचो.

सांजवात | रात्री ९.१८

खरंय, अंकांनी मोठं काम केलं. पण अंक कथा छापतो. लेखकाचा करार वाचून देणं त्याच्याकडून होणार नाही.

जुना_वाचक | रात्री ११.५०

झोप येईना, म्हणून लिहायला बसलो.

कलम_१९ यांचं "लेखी आणि सही केलेलं असेल तरच वैध" हे वाक्य मी पाच-सहा वेळा वाचलं. ऐंशीच्या दशकात मी अकरा रहस्यकथा लिहिल्या. दिवसा नोकरी, रात्री लेखन, पेन्सिलटोक यांच्यासारखंच. प्रकाशकानं त्या त्याच्या ठरलेल्या एका नावानं छापल्या, माझं नाव कुठेही नाही. एका पुस्तकाचे चारशे रुपये. मी हस्तलिखित द्यायचो, तो पाकीट द्यायचा. करार नव्हता. तसला कागद असतो हेच मला माहीत नव्हतं. गेल्या वर्षी त्यातलं एक पुस्तक नव्या मुखपृष्ठासह दुकानात दिसलं. हातात घेतलं, पहिलं पान वाचलं, परत ठेवलं. घरी कुणाला बोललो नाही.

लिहिणं एकट्याचं काम, हे मी आयुष्यभर म्हणत आलो. तेव्हा विचारायला कुणी असतं तर तसं म्हणालो नसतो बहुतेक.

लोकलप्रवासी | रविवार, सकाळी ६.३०

काका, ते छापील नाव मला व्यक्तिगत निरोपातून कळवाल? आमच्या वाचनालयाची जुनी नोंदवही माझ्याकडे आहे. तुमची पुस्तकं किती वेळा बाहेर गेली ते मी बघून सांगतो. प्रत्येक तारीख लिहिलेली आहे.

पेन्सिलटोक | सकाळी ९.००

जुना_वाचक काका, तुमच्या प्रतिसादावर काय लिहावं कळत नाहीये. नमस्कार करते.

माझं सांगते. काल रात्री करार ओळ न ओळ वाचला. श्राव्य हक्क त्यांच्याकडे कायमचे, हक्क परत येण्याबद्दल अवाक्षर नाही. ऑथर्स गिल्डकडे नाव नोंदवलं, उद्या करार त्यांना पाठवते. तो दुरुस्त होईपर्यंत सही करणार नाही. मग थ्रिलर संघटनेच्या नव्या लेखकांच्या उपक्रमात अर्ज टाकणार. महोत्सवाला पुढच्या वर्षी, पैसे साठले की. रातराणी, सोबत येशील?

आणि एक सुचवते. पुढच्या रविवारी भारतातल्या रात्री आठला व्हिडिओवर भेटू या. ज्यांच्याकडे कसलाही करार आहे त्यांनी तो घेऊन यायचं. कलम_१९, तासभर द्याल?

रातराणी | सकाळी ९.०४

येणार! दोघींत एक खोली घेऊ, खर्च निम्मा.

कलम_१९ | सकाळी ९.३०

दोन तास देतो. फी नाही.

जुना_वाचक | सकाळी ९.५५

माझ्याकडे करार नाही. अकरापैकी सात पुस्तकांच्या पावत्या आहेत, पत्र्याच्या पेटीत. चालतील का?

कलम_१९ | सकाळी ९.५८

चालतील काका. पावतीवर नेमकं काय लिहिलंय आणि सही कुणाची आहे, यावर बरंच अवलंबून आहे. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, तारीख दिसली पाहिजे. आणि मूळ पावत्या कुणाकडेही देऊ नका.